ऑटोवर रिक्षा चालते, प्रोजेक्टर नाही!

निळा पडदा. मधोमध पांढऱ्या अक्षरांत ‘नो सिग्नल’. सभागृहात दोनशेच्या वर पोरं, पहिल्या रांगेत तीन परीक्षक आणि विंगेत एका लॅपटॉपवर वाकलेले आम्ही चौघं. केबल काढ, केबल लाव, लॅपटॉप रीस्टार्ट कर, एक्स्टेंडरच्या डबीवर टिचकी मार (त्याने काय होणार होतं देव जाणे). मागून शिट्ट्या सुरू झालेल्या. मध्येच दोन सेकंद चित्र यायचं, टाळ्या पडायच्या आणि परत निळा पडदा.

मी टेक्निकल कमिटीत होतो. म्हणजे एचडीएमआयची पिन कुठल्या बाजूने आत जाते हे ज्याला न बघता कळतं, त्याला आमच्या कॉलेजात टेक्निकल कमिटीत टाकतात. आदल्या दिवशी मी माझ्या लॅपटॉपवरून रिहर्सल घेतली होती. चित्र झकास, आवाज झकास. सरांना ‘सगळं ओके’ असा मेसेजही टाकला होता.

त्या दिवशी पडद्यावर यायची होती ती आमच्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म. रात्रीच्या लाईटवर शेताला पाणी द्यायला जाणारा बाप, एवढीच गोष्ट. जवळजवळ सगळी फिल्म अंधारात. बॅटरीचा झोत, पाटात वाहणारं पाणी, लांबून येणारं कुत्र्याचं भुंकणं. फिल्म एडिट करायला तिने चुलतभावाचा नवाकोरा लॅपटॉप दोन महिने मागून घेतला होता आणि त्या दिवशी तोच घेऊन आली होती.

वीस मिनिटं खटाटोप केल्यावर परीक्षकांनीच तोडगा काढला. लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला, तिघं खुर्च्या सरकवून पंधरा इंची स्क्रीनसमोर बसले. सभागृहातले दिवे चालू, मागे दोनशे जणांचा कलकलाट, आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून. पाणी ऐकूच आलं नाही. बघून झाल्यावर एक परीक्षक म्हणाले, ‘चांगला प्रयत्न आहे, पण फारच डार्क आहे.’ फिल्मला काही मिळालं नाही. ती मला एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

संध्याकाळी बक्षीस समारंभ उरकल्यावर साउंडवाले काका वायरी गुंडाळत होते. आमची तोंडं बघून ते विंगेत आले.

‘काय रे पोरांनो, रिझोल्युशन किती टाकलं होतं?’

‘माहीत नाही काका. ऑटोवर होतं.’

‘ऑटोवर रिक्षा चालते बाळा, प्रोजेक्टर नाही.’

त्यांनी लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन दुसरा डिस्प्ले निवडला, ३८४० बाय २१६०च्या जागी १९२० बाय १०८० टाकलं आणि ६० हर्ट्झ आहे ना ते बघितलं. चित्र आलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग रिकाम्या सभागृहात, दिवे मालवून, आम्ही सहा-सात जणांनी आणि काकांनी ती फिल्म अख्खी बघितली. डार्क वगैरे काही नव्हती. मोठ्या पडद्यावर बॅटरीचा झोत हलला की पाठोपाठ पाणी चमकायचं.

त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, तर आम्हाला वीस मिनिटांत का सुचलं नाही? उत्तर सोपं आहे. एक्स्टेंडर म्हणजे लांब केलेली वायर, असं आम्ही समजत होतो. तो वायर नसतोच. तो मध्यस्थ असतो.

१२८ बाइटचा बायोडेटा

लॅपटॉप आणि स्क्रीन जोडल्यावर पहिलं चित्र दिसायच्या आधी त्या दोघांची बोलणी होतात, अगदी लग्नाच्या बोलण्यांसारखी. एचडीएमआयच्या १९ पिना असतात. त्यातल्या अठराव्या पिनेतून लॅपटॉप ५ व्होल्ट पाठवतो. एकोणिसाव्या पिनेवरून स्क्रीन ‘मी आहे’ असं कळवते. मग पंधराव्या आणि सोळाव्या पिनेवरून लॅपटॉप तिचा बायोडेटा वाचून घेतो. या बायोडेटाचं नाव ईडीआयडी. या लाइनमधली माणसं त्याला ‘ईडिड’ म्हणतात. संगणकाच्या मॉनिटरसाठी ‘व्हेसा’ या संस्थेने तो १९९४ मध्ये ठरवून दिला आणि आजही त्याचा मूळ साचा तोच आहे.

साइज किती? १२८ बाइट. मराठीतला ७० अक्षरांचा एसएमएस १४० बाइटचा असतो, म्हणजे हा त्याच्याहूनही लहान. एवढ्या जागेत कंपनीचं तीन अक्षरी नाव, स्क्रीनची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, चालणारी रिझोल्युशन्स आणि ‘माझी पहिली पसंती ही’ अशी एक नोंद असते. विंडोजमध्ये रिझोल्युशनच्या यादीत एका आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं दिसतं ना, ते सहसा या पसंतीवरूनच येतं. शेवटचा बाइट गणित जमवण्यासाठी राखलेला. सगळ्या १२८ बाइटांची बेरीज केली तर तिला २५६ने पूर्ण भाग जायला हवा. नाही गेला तर मजकूर वाटेत बिघडला, असं लॅपटॉप समजतो. नव्या टीव्ही आणि प्रोजेक्टरमध्ये याला आणखी १२८ बाइटांची पुरवणी जोडलेली असते, आवाज आणि ४के वगैरेची माहिती त्यात. लिनक्स वापरत असाल तर ‘ईडिड-डीकोड’ नावाचं मोफत टूल आहे, आपल्याच मॉनिटरचा बायोडेटा एकदा उघडून बघा. मला माझ्या मॉनिटरच्या निर्मितीचा आठवडा त्यातूनच कळला.

आता या दोघांच्या मध्ये एक्स्टेंडर बसवा. लॅपटॉपजवळ एक डबी, प्रोजेक्टरजवळ दुसरी आणि मधून कॅट ६ची वायर. बायोडेटा या डब्यांमधूनच जातो. इथे तीन प्रकारचे मध्यस्थ भेटतात. पहिला बायोडेटा नीट पोचवतच नाही. मग लॅपटॉप ‘समोर कोण आहे कोणास ठाऊक’ म्हणून १०२४ बाय ७६८ किंवा ६४० बाय ४८० असं काहीतरी बिनधोक चित्र पाठवतो. सेमिनारमध्ये पाहुण्यांचे फोटो फुगलेले आणि अक्षरं भुरकट दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. दुसरा मध्यस्थ स्वतःच्या पोटात ठेवलेला, आधीच ठरवलेला बायोडेटा पुढे करतो. हा खरं तर कामाचा माणूस. चांगल्या एक्स्टेंडरच्या कडेला बारीक स्विच असतात, त्यावरून ‘लॅपटॉपला १०८०पीच सांग’ असं फिक्स करता येतं. तिसरा प्रोजेक्टरचा बायोडेटा अक्षर न बदलता पोचवतो, पण ‘एवढं मोठं चित्र मला वाहून नेता येत नाही’ ही स्वतःची गोष्ट सांगत नाही.

आमच्याकडे हा तिसरा होता.

आमच्या प्रोजेक्टरचं स्वतःचं रिझोल्युशन १९२० बाय १२००. पण तो ४के सिग्नल घेऊन, लहान करून दाखवू शकायचा, म्हणून बायोडेटात त्याने ‘४के, ६० हर्ट्झ’ असं ऐटीत लिहिलेलं. मैत्रिणीच्या नव्या लॅपटॉपने ते वाचलं आणि तेवढं चित्र पाठवलं. मधल्या डबीला ते पेलेना. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पोर्टची मजल मुळात १०८०पीच्या पुढे नव्हती, म्हणून रिहर्सलला सगळं सुरळीत. माझ्या लॅपटॉपच्या अशक्तपणानेच आमची चूक झाकली होती.

अठरा गिगाबिट येतात कुठून?

‘पेललं नाही’ म्हणजे नक्की काय, हे बघायला थोडं गणित. कॅल्क्युलेटर काढा, बारावीच्या पेपरइतकं अवघड नाही.

१९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, म्हणजे पिक्सेल. पण वायरीतून जाताना प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडतात. जुन्या डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनची शलाका एका टोकाला पोचली की पुढची ओळ सुरू करायला तिला मागे यावं लागायचं, त्या वेळेसाठी ठेवलेली ही जागा. डबा टीव्ही गेले, जागा राहिली. एचडीएमआयमध्ये आवाज याच रिकाम्या जागेतून जातो, म्हणजे ती अगदी वाया जात नाही. तर ही जागा धरून हिशेब होतो २२०० बाय ११२५चा. गुणिले ६० वेळा. सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट. शिवाय सिग्नल वाटेत नीट ओळखता यावा म्हणून दर आठ बिटांचे दहा करून पाठवतात. सगळा गुणाकार केला की सेकंदाला साधारण ४.४६ अब्ज बिट, म्हणजे ४.४६ गिगाबिट.

४के, म्हणजे ३८४० बाय २१६०, हे दोन्ही बाजूंनी दुप्पट, म्हणून एकूण चौपट. ६० हर्ट्झला १७.८२ गिगाबिट. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.०च्या केबलवर ‘१८ जीबीपीएस’ असं छापलेलं दिसतं, त्या अठराचं मूळ हे आहे. त्याआधीच्या, २००९च्या, १.४ची कमाल १०.२ गिगाबिट. त्यात ४के बसतं, पण ३० हर्ट्झला, ८.९१ गिगाबिटमध्ये.

आता एक्स्टेंडरचा खोका हातात घ्या. समोर ठळक अक्षरांत ‘४के’. मागच्या बाजूला, औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी लिहितात तेवढ्या बारीक अक्षरांत, ‘४के @ ३० हर्ट्झ’ किंवा ‘४के @ ६० हर्ट्झ, ४:२:०’. खोकं खोटं बोलत नाही, अर्धंच बोलतं. आमच्या खोक्यावर ३० हर्ट्झ लिहिलेलं होतं. खोकं ऑफिसच्या कपाटात होतं आणि ते कोणी वाचलंच नव्हतं. मीसुद्धा.

४:२:० ही काय भानगड? डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक दिसतो, रंगातला तेवढा बारीक दिसत नाही. त्याचा फायदा घेऊन प्रत्येक पिक्सेलची चमक वेगळी पाठवतात, पण चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून रंग एकच. डेटा निम्म्यावर येतो, म्हणून ४के ६० हर्ट्झ जुन्या १०.२ गिगाबिटमध्येही मावतं. फिल्मवाल्यांनी यात घाबरायचं कारण नाही. फोनवर आणि साध्या कॅमेऱ्यावर शूट केलेला व्हिडिओ बहुतेक वेळा मुळातच ४:२:० असतो. मार बसतो तो कोडिंगच्या स्क्रीनला, एक्सेलला आणि काळ्यावर लाल अक्षरं लिहायची हौस असलेल्यांच्या पीपीटीला. अक्षरांच्या कडा विस्कटल्यासारख्या दिसतात. कॉम्प्युटर सायन्सचं फायनल इयर प्रेझेंटेशन असेल तर पूर्ण रंगांचं १०८०पी घ्या, अर्ध्या रंगांच्या ४केपेक्षा ते जास्त स्वच्छ वाचता येतं. आणि प्रोजेक्टर १९२० बाय १२००चाच असेल तर ४के पाठवून मिळणार काय होतं? पडद्यावर ठिपके तेवढेच. आम्ही चौपट ओझं वाहून नेत होतो, ते पलीकडे पोचल्यावर फेकून द्यायला.

वायर कुठली, तिच्या आत काय?

साधी एचडीएमआय केबल लांब का घेत नाहीत, असं कुणी विचारेल. तांब्याच्या साध्या केबलवर १०८०पी दहा-पंधरा मीटर रेटता येतं, ४के ६० हर्ट्झला पाच मीटरच्या पुढे भरवसा कमी होत जातो. चित्रात पांढरे ठिपके चमकायला लागले की समजा, बिट वाटेत गळायला लागले. म्हणून लांबच्या पल्ल्याला कॅट ५ई, कॅट ६ची वायर, जी लॅनला वापरतात तीच. २०१० मध्ये एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि इस्रायलची व्हॅलेन्स यांनी मिळून ‘एचडीबेसटी’ नावाची पद्धत आणली. एकाच कॅट वायरवर १०० मीटरपर्यंत चित्र, आवाज, नेटवर्क आणि वीजसुद्धा. पण तिचीही ऐपत आवृत्तीनुसार. पूर्ण रंगांचं ४के ६० हर्ट्झ, न दाबता न्यायला तिसरी आवृत्ती यावी लागली.

एक सावधगिरी. या एक्स्टेंडरचा सॉकेट हुबेहूब लॅनसारखा दिसतो, म्हणून तो लॅबच्या नेटवर्क स्विचमध्ये लावायचा मोह होतो. लावू नका. आतला सिग्नल इथरनेट नाही. नेटवर्कवरून जाणारे एक्स्टेंडर वेगळे असतात, त्यावर ‘ओव्हर आयपी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि वायर. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, दुकानदाराला एक प्रश्न विचाराच: ‘आतून पूर्ण तांब्याची आहे ना?’ बाजारात सीसीए नावाचा प्रकार मिळतो. आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त असते, हातात घेतली की हलकी लागते. ब्लेडने तार जरा खरवडली की पांढरी चकाकते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे ज्या अंतरावर डबीने काम करायला हवं त्याच्या आधीच ती धापा टाकायला लागते. इंटरनेट चालतंय म्हणजे वायर चांगली, हा तर्क इथे लागू होत नाही. इंटरनेटवर एखादं पाकीट हरवलं तर परत मागवता येतं. चित्राची हरवलेली ओळ परत मागवायला वेळच नसतो, साठाव्या भागाच्या सेकंदात पुढची फ्रेम दारात उभी.

कॅट वायरवरून चित्र पाठवण्याचा उद्योग एचडीएमआयच्या आधीपासूनचा आहे. निळ्या, पंधरा पिनांच्या व्हीजीएच्या जमान्यातली गंमत मला फार आवडते. आयबीएमने व्हीजीए आणलं १९८७ मध्ये. त्यात लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या तारांवरून जायचे. एक्स्टेंडरवाल्यांनी कॅट वायरमधल्या चार जोड्यांपैकी तीन जोड्या एकेका रंगाला दिल्या. पण कॅट वायरमध्ये प्रत्येक जोडीचा पीळ मुद्दाम वेगळा ठेवतात, एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून. पीळ वेगळा म्हणजे तारेची खरी लांबी वेगळी. त्यामुळे एकाच वेळी निघालेले तीन रंग पलीकडे पोचायचे मागेपुढे. किती मागेपुढे? कॅट ५ईला १०० मीटरमागे ४५ नॅनोसेकंदांपर्यंत मुभा आहे. १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झला एका पिक्सेलच्या वाट्याला येतात साधारण १५ नॅनोसेकंद. म्हणजे लाल रंग निळ्यापेक्षा तीन पिक्सेल सरकलेला! काळ्या अक्षरांना एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी किनार. रिझोल्युशन जेवढं वाढवाल तेवढा पिक्सेलचा वेळ कमी आणि किनार रुंद. मग चांगल्या एक्स्टेंडरमध्ये लवकर पोचणाऱ्या रंगाला थांबवून ठेवायची सोय आली. कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये अजून व्हीजीए असेल आणि अक्षरांना अशी झालर दिसत असेल, तर चष्म्याचा नंबर तपासायच्या आधी वायर तपासा.

माउस मागे राहतो तेव्हा

एक्स्टेंडर हा प्रकार फक्त सभागृहापुरता नाही. न्यूज चॅनेलची कंट्रोल रूम, वीज केंद्र, मोठे एडिटिंग सेटअप, अशा ठिकाणी संगणक एसीच्या बंद खोलीत असतात आणि माणसं दुसरीकडे बसतात. पंख्यांची घरघर नको, उष्णता नको आणि कुणी चुकून पायाने प्लग काढायला नको. तिथे चित्राबरोबर कीबोर्ड-माउसही लांबवर न्यावे लागतात. अशा यंत्रणेला केव्हीएम म्हणतात, कीबोर्ड-व्हिडिओ-माउस. टेस्टिंगमध्ये किंवा ब्रॉडकास्टमध्ये नोकरी धरणार असाल तर हा शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडेल.

तिथे रिझोल्युशनइतकाच उशीरही महत्त्वाचा. नेटवर्कवरून जाणारे एक्स्टेंडर चित्र दाबून पाठवतात आणि पलीकडे पुन्हा फुगवतात. ६० हर्ट्झला एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. दाबण्या-फुगवण्यात अशा काही फ्रेम गेल्या तर फिल्म बघताना कळणारही नाही, पण माउस हलवणाऱ्याला लगेच कळतं. हात पुढे, बाण मागे. गेमिंगची स्पर्धा अशा लाइनवर ठेवणाऱ्या कमिटीला लोक शिव्या घालतील आणि घालाव्यात.

फिल्मवाल्यांना हा उशीर वेगळ्या ठिकाणी नडतो. चित्र एक्स्टेंडरमधून आणि आवाज मात्र लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट मिक्सरला, अशी जोडणी आपल्याकडे सर्रास करतात. मग आवाज आधी, ओठ नंतर. एकतर दोन्ही एकाच वाटेने पाठवा, नाहीतर मिक्सरवर आवाजाला तेवढा डिले द्या. साउंडवाल्या काकांना विचारा, त्यांना ते बटण माहीत असतं.

आणखी एक नेहमीचा गोंधळ म्हणजे ओटीटीवरचा सिनेमा. आवाज येतो, पडदा काळा. यात रिझोल्युशनचा दोष नसतो. कॉपी होऊ नये म्हणून चित्राला एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि मधल्या प्रत्येक डबीकडे त्याची किल्ली असावी लागते. ४के कंटेंटला सहसा एचडीसीपी २.२ लागतं. जुन्या डबीकडे ते नसेल तर कितीही वायर बदला, उपयोग शून्य.

आम्ही आता काय करतो, ते सांगतो. प्रोजेक्टर, डबी आणि लॅपटॉप या तिघांचे आकडे लिहून काढतो आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा लॅपटॉपवर हाताने टाकतो. आमच्या हॉलला तो १९२० बाय १०८०. आधी प्रोजेक्टर चालू, मग डबी आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉप जोडायचा, म्हणजे बायोडेटा मागायला जाईल तेव्हा घरात माणूस असतो. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ घेतो. डुप्लिकेटवर दोन्ही स्क्रीनला जमेल असं एकच रिझोल्युशन घ्यावं लागतं आणि १३६६ बाय ७६८चा लॅपटॉप असेल तर मोठा पडदाही तेवढ्यावरच येतो. फिल्म २५ फ्रेमची असेल आणि यादीत ५० हर्ट्झ दिसत असेल तर तेच घ्यायचं, प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते. ६०ला काही फ्रेम दोनदा, काही तीनदा, म्हणून कॅमेरा सावकाश वळतो त्या शॉटमध्ये बारीक हिसके जाणवतात.

सगळ्यात महत्त्वाचं, रिहर्सल त्याच लॅपटॉपवर घ्यायची जो त्या दिवशी लागणार आहे. सहभागी होणाऱ्यांना आम्ही आदल्या दिवशी लॅपटॉपसकट बोलावतो. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणि वायर मोजायची. हॉलमध्ये उभं राहून ‘असेल वीस-पंचवीस मीटर’ असं म्हणायचं नाही. स्टेजपासून प्रोजेक्टरपर्यंत आमचं सरळ अंतर तेवढंच आहे, पण वायर भिंतीतून वर चढते, छताच्या कडेने अर्धा हॉल फिरते आणि मग खाली उतरते. डबीच्या खोक्यावर लिहिलेले मीटर हे या सगळ्या फेरफटक्याचे असतात, आणि त्यातही मोठ्या रिझोल्युशनला अंतर कमी दिलेलं असतं.

यंदाच्या गॅदरिंगला तिची दुसरी फिल्म आहे. हीसुद्धा रात्रीचीच. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. हाय नाही, हॅलो नाही, एवढंच: ‘वायर किती मीटर?’

मी टेप घेऊन शिडीवर चढलो. सेहेचाळीस.